एका चेहऱ्याची जाहिरात : कॅनडा, ऑक्टोबर १९९३

१४ ऑक्टोबर १९९३ रोजी, कॅनडाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदानाला अकरा दिवस उरले असताना, सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने दूरचित्रवाणीवर एक जाहिरात सुरू केली. पडद्यावर विरोधी लिबरल पक्षाचे नेते ज्याँ क्रेतियें यांची स्थिर छायाचित्रे दिसत होती, तीही चेहऱ्याच्या अगदी जवळून घेतलेली आणि ओठ एका बाजूला ओढले गेल्याच्या नेमक्या क्षणाची. पार्श्वभूमीवर सामान्य मतदारांचे म्हणून काही आवाज ऐकू येत होते. हा माणूस पंतप्रधान वाटतो का, असा त्यांतला एक सवाल होता, आणि हे गृहस्थ कॅनडाचे पंतप्रधान झाले तर मला व्यक्तिशः फार लाज वाटेल, असे दुसरा आवाज सांगत होता. साधारण चोवीस तासांत पक्षाला ही जाहिरात मागे घ्यावी लागली आणि पंतप्रधान किम कॅम्पबेल यांना माफी मागावी लागली.

निवडणूक प्रचारातील सभ्यतेची चर्चा बहुधा शिवराळ भाषेभोवती फिरते. कोणी कोणाला काय म्हटले, कोणता शब्द असंसदीय होता, कोणी तो परत घेतला, एवढ्यावरच ती संपते. या प्रकरणात एकही अपशब्द उच्चारला गेलेला नाही, क्रेतियें यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून अधू होती, पण त्या व्यंगाचा शब्दांत उल्लेख नाही आणि त्यांच्या खासगी आयुष्याविषयी अवाक्षरही नाही. तरीही कॅनडाच्या राजकारणात वैयक्तिक हल्ल्याचे उदाहरण द्यायची वेळ आली की आजही पहिल्यांदा याच जाहिरातीचे नाव निघते. हल्ला नेमका कुठे होता आणि त्याने हल्लेखोराचे नुकसान कसे केले, हे पाहण्यासाठी म्हणूनच हे प्रकरण निवडले आहे.

सत्ताधाऱ्यांची अडचण

ब्रायन मलरोनी यांच्या नेतृत्वाखाली कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १९८४ आणि १९८८ अशा दोन निवडणुका बहुमताने जिंकल्या होत्या. १९८८ मध्ये त्यांना १६९ जागा मिळाल्या होत्या. मात्र १९९१ मध्ये लागू झालेला सात टक्के वस्तू व सेवा कर लोकांच्या डोक्यात गेला होता, मंदी आणि बेरोजगारीने ग्रासले होते, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये शार्लटाउन घटनात्मक करार सार्वमतात फेटाळला गेला होता. मलरोनी पायउतार झाले आणि २५ जून १९९३ रोजी किम कॅम्पबेल यांनी सूत्रे हाती घेतली. त्या कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्या उन्हाळ्यात उत्तम पंतप्रधान कोण, या प्रश्नावर जनमत चाचण्यांत त्या क्रेतियें यांच्या बऱ्याच पुढे होत्या. पक्ष नकोसा झालेला, पण नवा नेता लोकांना आवडलेला, अशी ही स्थिती होती. प्रचाराची मांडणी नेत्यांच्या तुलनेवर करण्याचा मोह कोणत्याही रणनीतिकाराला झाला असता, आणि तो झाला यात गैर काही नव्हते.

प्रचार मात्र पहिल्याच दिवशी घसरला. बेरोजगारी शतक संपेपर्यंत फारशी खाली येणार नाही, असे कॅम्पबेल यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला सांगितले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते प्रामाणिक असेलही, पण उमेदवाराच्या तोंडी ते शोभले नाही. पुढे त्याच महिन्यात, सामाजिक योजनांच्या फेररचनेसारखे गंभीर विषय निवडणुकीच्या धामधुमीत चर्चिण्याजोगे नसतात, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर वर्तमानपत्रांनी मथळ्यात नेले. दुसरीकडे लिबरलांनी आपल्या योजनांची लाल मुखपृष्ठाची पुस्तिका काढली होती आणि क्रेतियें ती प्रत्येक सभेत हातात धरून दाखवत होते. सप्टेंबर संपता संपता सत्ताधाऱ्यांचा पाठिंबा वेगाने ओसरू लागला. पश्चिमेत रिफॉर्म पार्टी आणि फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात ब्लॉक क्वेबेक्वा हे दोन नवे पक्ष त्यांचा पाया पोखरत होते. ही पडझड जाहिरातीच्या आधीची आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी लागेल.

हातात असलेला दारूगोळा

क्रेतियें हे टीकेला जागाच नसलेले उमेदवार होते, असे समजण्याचे कारण नाही. १९६३ मध्ये ते पहिल्यांदा संसदेत आले होते, माजी पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थ आणि न्याय ही खाती सांभाळली होती, आणि ‘कालचा माणूस’ हे विशेषण त्यांच्यामागे चिकटलेले होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये क्वेबेकला वगळून झालेल्या घटनात्मक तडजोडीच्या वाटाघाटींत न्यायमंत्री म्हणून ते आघाडीवर होते आणि त्याचा राग क्वेबेकमध्ये बारा वर्षांनंतरही धगधगत होता. खुद्द स्वतःच्या प्रांतात हा नेता अप्रिय का, हा प्रश्न देशाला विचारण्यासारखा होता.

त्याहून मोठा प्रश्न लाल पुस्तिकेत दडलेला होता. लोकांना अप्रिय असलेला वस्तू व सेवा कर रद्द करून त्याच्या जागी दुसरी व्यवस्था आणू, असे लिबरलांचे वचन होते. तेवढा महसूल दुसरीकडून कसा येणार, हा साधा, थेट आणि उमेदवाराच्या योग्यतेलाच हात घालणारा सवाल होता. पुढे सत्तेवर आल्यावर क्रेतियें यांच्या सरकारला तो कर काढता आला नाही. याच वचनापायी उपपंतप्रधान शीला कॉप्स यांना १९९६ मध्ये राजीनामा देऊन पोटनिवडणुकीला सामोरे जावे लागले. म्हणजे टीका करायला दारूगोळा नव्हता म्हणून चेहऱ्याकडे वळावे लागले, हे म्हणणे टिकत नाही. दारूगोळा भरपूर होता. तो वापरायला आकडे मांडावे लागले असते, स्वतःच्या नऊ वर्षांच्या कारभाराचा हिशेबही त्या ओघात द्यावा लागला असता, आणि बहुधा तीच अडचण होती.

जाहिरातीची रचना

क्रेतियें यांना लहानपणीच बेल्स पाल्सी या विकाराने गाठले होते. त्यात चेहऱ्याची नस निकामी होते आणि त्या बाजूचे स्नायू हलेनासे होतात. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू त्यामुळे कायमची अधू झाली होती, बोलताना ओठ एकीकडे ओढले जात, आणि डाव्या कानाने ऐकूही येत नसे. हे कोणापासून लपलेले नव्हते. तीस वर्षे लोक त्यांना दूरचित्रवाणीवर पाहत होते आणि व्यंगचित्रकार तर तो तिरका ओठ काढल्याशिवाय थांबत नसत. जाहिरातीच्या बचावात हाच मुद्दा पुढे आला: आम्ही त्यांच्या नेतृत्वाविषयी बोलत होतो, छायाचित्रे नेहमीचीच होती, मग आम्ही वेगळे काय केले?

हा बचाव वरवर बिनतोड वाटतो, म्हणून तो थोडा उलगडून पाहायला हवा. जाहिरातीतली छायाचित्रे काढून टाकली, तर उरतात ती काही मतदारांची मते, आणि ‘हे पंतप्रधान झाले तर मला लाज वाटेल’ हे विधान कितीही कठोर असले तरी लोकशाहीत कोणीही कोणाविषयी करू शकतो. याउलट आवाज बंद करून केवळ छायाचित्रे पाहिली, तर ती वृत्तपत्रात शोभतील अशीच आहेत, फार तर जरा निर्दयपणे निवडलेली. अपमान यांपैकी कोणत्याही एका भागात नाही. ‘लाज’ हा शब्द कानावर पडतो त्याच क्षणी डोळ्यांसमोर वाकडा ओठ असतो, आणि लाज कशाची, या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाचे मन स्वतःच जुळवते. जाहिरात ते उत्तर देत नाही, म्हणून तिला नाकबूल होता येते. मात्र दुसरे कोणतेही उत्तर तिने उपलब्ध ठेवलेले नाही. कर, कर्ज, क्वेबेक यांपैकी काही पडद्यावर असते, तर ‘लाज’ त्यांना जाऊन चिकटली असती.

यात स्थिर चित्राचा वाटा मोठा आहे. हलत्या चेहऱ्यात वाक्य चालू असते, डोळे बोलत असतात, आणि ओठांचा तिरकेपणा बघणाऱ्याच्या काही मिनिटांत अंगवळणी पडतो. तोच चेहरा एका क्षणी गोठवला की बोलणे नाहीसे होते आणि उरतो केवळ विकार. व्यंगचित्रकारही तेच करतो, हे खरे. पण व्यंगचित्र हे एका चित्रकाराचे मत म्हणून समोर येते आणि त्याच पानावर दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांचेही नाक लांबलेले असते. सत्ताधारी पक्ष पैसे मोजून तेच चित्र वापरतो, तेव्हा ते मत राहत नाही, तर मत देण्याचे कारण म्हणून मतदारापुढे ठेवले जाते.

अनेक देशांचे निवडणूक कायदे उमेदवाराच्या चारित्र्याविषयी खोटे विधान करण्यास मनाई करतात. तो निकष इथे लागूच पडत नाही, कारण जाहिरातीत खोटे असे काही नव्हते. छायाचित्रे खरी होती, मते मतेच होती. नियम मजकूर तपासतात. जोडणी तपासणारा नियम लिहिणे फार अवघड आहे आणि मला तर असा नियम असूही नये असे वाटते, कारण उद्या त्याच नियमाच्या आधारे प्रत्येक झोंबणारे व्यंगचित्र खाली उतरवता येईल.

चोवीस तास

पहिला विरोध विरोधकांकडून आला असता तर तो ‘राजकारण’ म्हणून झटकता आला असता. लिबरलांनी बोंब ठोकलीच. पण पक्ष हादरला तो स्वतःच्याच उमेदवारांमुळे. मतदारसंघांत दारोदार फिरणाऱ्या या मंडळींचे मुख्यालयाला फोन येऊ लागले, काहींनी उघडपणे जाहिरातीचा निषेध केला, आणि ती ताबडतोब थांबवा, अशी मागणी केली. याचे कारण समजण्यासारखे आहे. जाहिरात बनवणारा माणूस मतदाराला आकड्यांत भेटतो. उमेदवार त्याला उंबरठ्यावर भेटतो, आणि त्या घरात एखादे अपंग मूल असेल, पक्षाघाताने आडवे झालेले आजोबा असतील, तर ‘आम्ही नेतृत्वाविषयी बोलत होतो’ हे वाक्य त्याला त्यांच्यासमोर उभे राहून म्हणावे लागते.

इथे प्रचारतंत्रातील एक जुनी उणीव दिसते. अशा जाहिराती निवडक प्रेक्षकांच्या छोट्या गटांना दाखवून तपासण्याची पद्धत आहे. पाहिल्यानंतर त्या नेत्याविषयी तुमचे मत घसरले का, हे त्यातून बऱ्यापैकी कळते. ही जाहिरात तुम्ही शेजाऱ्यांसोबत बसून पाहिलीत, दुसऱ्या दिवशी कचेरीत तिचा विषय निघाला, तर तुम्ही कोणाच्या बाजूने बोलाल, हे त्यातून कळत नाही. मनात आलेला विचार आणि चारचौघांत कबूल करता येणारा विचार यांत अंतर असते. क्रेतियें पंतप्रधानपदाला शोभतील का, ही शंका अनेकांच्या मनात असू शकते. ती शंका त्यांच्या ओठांपाशी नेऊन ठेवल्यावर मात्र ती बोलून दाखवणे म्हणजे व्यंगाला हसणे ठरू लागले, आणि सभ्य माणसाने ती गिळून टाकली.

कॅम्पबेल यांनी जाहिरात थांबवण्याचा आदेश दिला आणि क्रेतियें यांची, तसेच ज्यांना ती आक्षेपार्ह वाटली त्यांची माफी मागितली. जाहिरातीला आपण थेट जबाबदार नव्हतो आणि सल्लागारांचा विरोध डावलून ती थांबवली, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची ही भूमिका खरी मानली तरी तिने त्यांना वाचवले नाही. जाहिरात ठाऊक होती म्हणावे तर ती क्रूरता ठरत होती, ठाऊक नव्हती म्हणावे तर स्वतःच्या प्रचारावरच ताबा नसल्याची कबुली. आणि पक्षाचा सगळा प्रचार तर नेतृत्वक्षमतेच्या मुद्द्यावर उभा होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. माफी लवकर आली. सल्लागार मंडळी म्हणत होती त्याप्रमाणे दोन दिवस रेटून नेले असते, तर काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही, परंतु मागे घेणे हीच चूक होती, असा जो सूर पुढे काही प्रचारतज्ज्ञांनी लावला, तो मला पटत नाही. पैसे देऊन दाखवणे थांबले तरी बातम्यांमधून ती जाहिरात फुकटात पुनःपुन्हा दाखवली जातच होती. न थांबवल्याने एवढेच झाले असते की दोन्हीकडून तिचा भडिमार झाला असता.

क्रेतियें यांचे उत्तर

उत्तर देताना क्रेतियें संतापले नाहीत आणि प्रकृतीचे वैद्यकीय स्पष्टीकरणही त्यांनी दिले नाही. सभेत ते एवढेच म्हणाले की देवाने मला हे शारीरिक व्यंग दिले, लहानपणी मुले मला हसत, मी ते स्वीकारले, कारण देवाने इतर काही गुणही दिले आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. मग त्यांनी जोड दिली: मी तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो हे खरे आहे, मी काही टोरी (कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे बोलीतले नाव) नाही, मी दोन्ही बाजूंनी बोलत नाही.

या उत्तराचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘मोठ्या मनाचे’ असे केले जाते. पहिला भाग तसा आहेच. दुसरा भाग मात्र चांगला सणसणीत टोला आहे: समोरचा पक्ष दुतोंडी आहे, असा सरळ आरोप. सभ्य प्रचार म्हणजे मवाळ प्रचार, या समजुतीला या दोन वाक्यांत उत्तर सापडते. क्रेतियें यांनी कॅम्पबेल यांच्या दिसण्याबद्दल, वयाबद्दल किंवा त्यांच्या स्त्री असण्याबद्दल काही म्हटले नाही. पक्षाच्या वर्तनाबद्दल म्हटले, आणि ते झोंबेल असे म्हटले. विरोधकाला आपले वर्तन बदलता येते, आरोपाचे खंडन करता येते, निदान प्रतिवाद तरी करता येतो. चेहऱ्याचा प्रतिवाद कोणी करायचा आणि कसा? टीका आणि वैयक्तिक हल्ला यांच्यातली सीमारेषा मला याच ठिकाणी सर्वांत स्वच्छ दिसते: ज्यावर टीका होत आहे ती गोष्ट उत्तर देण्याजोगी आहे का, हे पाहावे. आवाजाची पट्टी किती चढली, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्या दिवसानंतर कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला क्रेतियें यांच्या योग्यतेवर काहीही बोलणे अशक्य झाले. कराचा प्रश्न, कर्जाचा प्रश्न, १९८१ चा प्रश्न, यांपैकी काहीही काढले तरी ऐकणाऱ्याच्या कानात आदल्या आठवड्यातला ‘लाज’ हा शब्द घुमत होता. वैयक्तिक हल्ल्याची खरी किंमत मी इथे मांडतो. विरोधकाविषयी सहानुभूती निर्माण होते ही त्याची छोटी किंमत. मोठी किंमत अशी की त्याच्यावरची रास्त टीकाही त्या हल्ल्याच्या पंक्तीत जाऊन बसते. लिबरलांच्या वचनांची चिकित्सा करण्याची ज्यांची जबाबदारी होती, त्या सत्ताधाऱ्यांना शेवटचे दहा दिवस ती करायला तोंड उरले नाही, आणि नुकसान केवळ त्यांचे नव्हे, मतदारांचेही झाले.

निकालाचे गणित

२५ ऑक्टोबर रोजी मतदान झाले. २९५ जागांच्या सभागृहात लिबरलांना १७७ जागा मिळाल्या, ब्लॉक क्वेबेक्वाला ५४, रिफॉर्म पार्टीला ५२, न्यू डेमोक्रॅटिक पार्टीला ९, आणि सत्ताधारी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला २. व्हँकुव्हरमध्ये खुद्द कॅम्पबेल पराभूत झाल्या. ज्याँ शारे आणि एल्सी वेन हे दोघेच पक्षाचे खासदार उरले.

एका जाहिरातीने पक्ष बुडवला, असे या निकालाकडे बोट दाखवून सांगण्याची प्रथा पडली आहे. गोष्ट सांगायला ती छान आहे, पण अभ्यास म्हणून ती कच्ची आहे. पक्षाला जवळपास १६ टक्के मते मिळाली, म्हणजे २१ लाखांहून अधिक लोकांनी त्याला मत दिले. ब्लॉक क्वेबेक्वाला त्याहून कमी, साडेतेरा टक्के मते होती, पण ती एकाच प्रांतात एकवटलेली असल्याने ५४ जागा झाल्या. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या पद्धतीत देशभर विखुरलेली १६ टक्के मते जवळपास निरुपयोगी ठरतात. दोन जागांचे कारण मतदानपद्धतीत आणि दोन नव्या पक्षांच्या उदयात शोधावे लागते, आणि घसरण तर सप्टेंबरपासूनच सुरू होती. जाहिरातीने ती थांबवण्याचा उरलासुरला मार्ग बंद केला, इतकेच ठामपणे म्हणता येईल. असभ्य प्रचार केला की मतदार शिक्षा करतोच, असा दिलासा या प्रकरणातून काढू नये.

पुढच्यांनी घेतलेला धडा

शरीराला हात लावायचा नाही, हा नियम कॅनडाच्या प्रचारात त्यानंतर बराचसा पाळला गेला. बाकीच्या गोष्टींना मात्र हात लागत राहिला. २००० च्या निवडणुकीत कॅनेडियन अलायन्स या उजव्या पक्षाचे नेते स्टॉकवेल डे यांच्या सृष्टिनिर्मितीविषयीच्या धार्मिक श्रद्धेची खिल्ली उडवण्यासाठी लिबरलांच्या एका प्रचारकाने दूरचित्रवाणीवर डायनासोरचे खेळणे नाचवले. पक्ष क्रेतियें यांचाच होता, आणि या वेळी माफीची वेळ आली नाही. श्रद्धेचे प्रकरण चेहऱ्याइतके सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. विज्ञानाविषयी धोरण ठरवणाऱ्या पदाच्या उमेदवाराला त्याच्या समजुतींबद्दल विचारणे गैर नाही. पण खेळणे नाचवणारा काही विचारत नव्हता.

२००७ च्या जानेवारीत, निवडणूक जाहीरही झालेली नसताना, जुना कन्झर्व्हेटिव्ह पक्ष आणि कॅनेडियन अलायन्स एकत्र येऊन बनलेल्या नव्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने लिबरल नेते स्तेफान दियों यांच्यावर जाहिरातींची मालिका सोडली. दियों हे नेते नव्हेत, हे तिचे पालुपद होते, म्हणजे १९९३ चाच प्रश्न. फरक असा की या वेळी आरोप दियों यांच्याच पक्षातील प्रतिस्पर्धी मायकल इग्नॅटिएफ यांच्या तोंडून, नेतेपदाच्या वादविवादाच्या ध्वनिचित्रफितीतून आला होता, आणि तो कामगिरीविषयी होता. सप्टेंबर २००८ मध्ये, प्रत्यक्ष प्रचारात, याच पक्षाच्या संकेतस्थळावर दियों यांच्या खांद्यावर एक पक्षी शिटतो असे चलचित्र झळकले. ते लगेच उतरवण्यात आले आणि पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली. मूळ आरोपाला त्या माफीने धक्का लागला नाही. वीस महिने तो लोकांच्या कानावर पडत आला होता, आणि ऑक्टोबरमधल्या मतदानात लिबरल पक्ष ७७ जागांवर आला.